अमेरिकेतल्या मराठी घरात पिस्तूल कशाला?

प्लेनोची_आई:
परवा टेक्सासातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं की ग्रीन कार्ड आलं की पहिली खरेदी पिस्तुलाची करा. आपल्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे आणि पोलिस येईस्तोवर सगळं आटोपलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर दिवाळीच्या तिकिटांच्या मेसेजखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

जो तो चोराबद्दलच बोलतो. या देशात २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. चोर येईल त्या एका रात्रीसाठी तुम्ही पिस्तूल आणता, पण ते बाराही महिने घरात असतं. ले-ऑफ झालेल्या नवऱ्याच्या घरात असतं, कॉलेजचा नकार आलेल्या मुलाच्या घरात असतं. आपल्याकडे मार्कांवरून मुलांना किती ऐकवतात हे मी वेगळं सांगायला नको. टोकाला गेलेलं मूल इतर बहुतेक वेळा वाचतं, त्याला आयुष्य पुन्हा मिळतं. हाताशी बंदूक असली तर दहातली जवळजवळ नऊ वाचत नाहीत. २०२० पासून या देशात १ ते १९ वयातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. रस्त्यावरचे अपघातसुद्धा त्याच्या मागे पडले.

रानमाळ:
ताई, तो मेसेज माझा नाही, पण मीही तेच लिहिलं असतं. तुम्ही प्लेनोत राहता, पोलिस चौक सोडला की तुमच्या दारात. मी काउंटीच्या पार टोकाला राहतो, पाच एकर जागा, शेजारी हाकेच्या अंतरावरही नाही. मागच्या हिवाळ्यात रात्री फाटकाची साखळी तोडून एक पिकअप आत आली. ९११ लावला. बायको मुलींना घेऊन बाथरूममध्ये. मी शॉटगन घेऊन पोर्चवर उभा राहिलो, दिवे लावले आणि ओरडलो. गाडी उलटी फिरली. शेरिफचा माणूस आला तो पाऊण तासाने. एकही गोळी सुटली नाही. ही रात्र तुमच्या ४८ हजारांत कुठे मोजली गेली?

आणि पोलिसांचं म्हणाल तर युवाल्डीच्या शाळेत २०२२ मध्ये गोळीबार झाला तेव्हा पोलिसांची ३७६ हत्यारबंद माणसं जमली होती. तरी त्या वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्या. कॅसल रॉकच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगून टाकलंय की कोर्टाचा संरक्षणाचा आदेश हातात असला तरी पोलिसांनी तो अमलात आणावा असा घटनात्मक हक्क तुम्हाला नाही. मग मी कोणाच्या भरवशावर झोपायचं?

बेएरियाकर:
युवाल्डीचं उदाहरण तुम्ही देताय? गोळीबार करणारा तो पोरगा नुकताच अठरा वर्षांचा झाला होता आणि त्याने त्या रायफली दुकानातून रीतसर विकत घेतल्या होत्या. कायदेशीर! बिअर घ्यायला एकवीस वर्षं लागतात आणि एआर-१५ रायफलीला अठरा पुरतात. पोलिस घाबरले कशाला, तर समोर ती रायफल होती म्हणून. अशा रायफलींवरची १९९४ ची बंदी २००४ मध्ये संपू दिली नसती तर हे बोलायची वेळच आली नसती.

रानमाळ:
त्या बंदीच्या काळातच १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेतला गोळीबार झाला. आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००७ साली ३२ जण गेले, आपल्या मुंबईची एक मुलगीही त्यात होती, ते दोन साध्या पिस्तुलांनी. रायफलीवर बंदी घालून काय होणार?

बेएरियाकर:
म्हणजे पिस्तुलांवरही हवी. माझं मत तुम्हीच पक्कं केलंत.

रांगेतला_अभियंता:
तुमचं भांडण ग्रीन कार्डवाल्यांचं चाललंय. आम्हा एच-१बी व्हिसावाल्यांना बंदूक विकत घेणं सोडा, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पण राज्याचं शिकारीचं लायसन काढलं की तोच माणूस चालतो! टेक्सासात ते ऑनलाइन निघतं. मी वर्षानुवर्षं कर भरतो, घराचे हप्ते भरतो, पण ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही, आणि स्वसंरक्षणाचा हक्क हवा तर आधी हरणं मारण्याची परवानगी काढायची. कॅन्ससमधल्या ओलेथमध्ये २०१७ ला बारमध्ये बसलेल्या आपल्या इंजिनिअरला ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणून गोळी घातली, तेव्हा कोणाच्या हातात बंदूक होती आणि कोणाच्या नव्हती?

प्लेनोची_आई:
त्या बारमध्ये सगळ्यांच्या कमरेला पिस्तूल असतं तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. रांगेबद्दल तुमचा संताप खरा आहे, पण तो वेगळा विषय.

गुहागरचा_बाबू:
मी तिकडे राहत नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की पोलिस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. रानडुकरं तेवढ्या दिवसांत भात लोळवून जायची, तरी कोणी हक्क गेला म्हणून रडलं नाही. आता वानरांनी नारळ ठेवले नाहीत आणि परवान्याचं नूतनीकरण करता करता माणूस म्हातारा होतो, हे मात्र कोणीतरी लिहायला हवं.

प्लेनोची_आई:
मूळ मुद्द्यावर येते. माझा मुलगा सहावीत असताना आपल्याच एका कुटुंबात स्लीपओव्हरला गेला होता. दुसऱ्या दिवशी गाडीत सहज म्हणाला, त्याच्या बाबांच्या नाइटस्टँडच्या ड्रॉवरमध्ये खरं ग्लॉक पिस्तूल आहे, आम्ही हातात घेऊन बघितलं, खूप जड असतं. तेव्हापासून मी प्रत्येक घरी आधी विचारते: बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच विचारायला सांगते. त्या वहिनी वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

कॅरीची_सुनंदा:
नाहीच बोलणार! कोणी आपल्या पोराला चार घास खायला घालून झोपवतंय आणि तुम्ही दारातच झडती घेताय. मला असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, ठेवा तुमचं मूल तुमच्या घरी.

प्लेनोची_आई:
शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे तुम्ही प्रत्येक मुलाच्या आईला विचारता ना? तेव्हा अपमान होत नाही?

कॅरीची_सुनंदा:
अ‍ॅलर्जी मुलाची असते. हा प्रश्न माझ्या नवऱ्यावर संशय घेणारा आहे. आणि खरं सांगू? अमेरिकन शेजाऱ्यांना हे विचारायची तुमची हिंमत होत नाही, आपल्याच लोकांना विचारता.

प्लेनोची_आई:
त्यांनाच आधी विचारलं. रस्त्यापलीकडच्या आजी उठल्या, सेफ दाखवला, किल्ली गळ्यातल्या साखळीला होती तीही दाखवली. राग फक्त आपल्याच घरांत आला.

नाइटशिफ्ट:
मी इमर्जन्सीत नर्स आहे. कोणत्या गावात ते सांगत नाही. एका रात्री हायस्कूलमधल्या मुलाला आणलं. आणलं तेव्हाच संपलं होतं. वडील भारतीय, अंगात ऑफिसचा बॅज तसाच. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, किल्ली कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं, त्याला माहीत नव्हतं. सुनंदाताई, त्या रात्रीच्या आधी त्यांना कोणीतरी तो अपमान करणारा प्रश्न विचारायला हवा होता.

रानमाळ:
वाईट झालं, फार वाईट. पण अशी गोष्ट सांगितली की समोरच्याने तोंड मिटायचं, हे मला मान्य नाही. मी खुनी नाही. माझ्या मुलींना गोळीने काय होतं हे मी स्वतः रेंजवर नेऊन शिकवलंय. निष्काळजी बापाला शिक्षा करा, माझी हरकत नाही. मिशिगनच्या ऑक्सफर्ड शाळेत गोळीबार करणाऱ्या पोराच्या आईबापांना २०२४ मध्ये दहा ते पंधरा वर्षं ठोठावली, बरोबर केलं. सुट्टीत पोराला पिस्तूल घेऊन दिलं आणि ते कुलपात ठेवलं नाही.

बेएरियाकर:
त्यासाठी चार मुलं आधी मरावी लागली.

प्लेनोची_आई:
आणि ते मिशिगन. तुमच्या-माझ्या टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर साधा दंड. कोणी मेलं तरी त्या कलमाखाली फार तर एक वर्ष कैद. बंदूक विकत घेताना सेफ घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. २०२१ पासून हँडगन बाळगून फिरायला परवानाही लागत नाही. मी बंदी मागत नाहीये, रानमाळ. घरात बंदूक ठेवण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या हेलर खटल्यातल्या २००८ च्या निकालानंतर ती येणारही नाही. मी कुलूप मागतेय.

रानमाळ:
कुलपाचा कायदा झाला तर मी विरोध करणार नाही, एवढं लिहून देतो. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांनी मेसेजमध्ये सेफचा शब्दही काढला नव्हता, हेही खरं. पण माझी शॉटगन जाणार नाही.

नाइटशिफ्ट:
सेफचा आकडा काय आहे ते विचारत नाही. मुलीची जन्मतारीख असेल तर आजच बदला.

रानमाळ:
बदलतो.

कॅरीची_सुनंदा:
मला अजूनही दारात विचारणं पटत नाही. फोनवर विचारा, आदल्या दिवशी. सांगेन.