आकड्यात न धरलेले

मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या हिंसाचारात 'मरतात ते बहुतेक टोळ्यांचेच लोक' असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. तिथे खुनांच्या आकड्यात न येणारी माणसं आहेत, बेपत्ता झालेली. सरकारी नोंदीतच त्यांची संख्या मे २०२२ मध्ये १ लाखाच्या वर गेली. प्रेतच नाही, त्यामुळे बहुतेकदा खुनाचा गुन्हाही नाही, आणि घरच्यांना धड रडताही येत नाही.

शोधायला बाहेर पडतात त्या मुख्यतः आया. लोखंडी सळई हातोड्याने जमिनीत ठोकायची, उपसून तिच्या टोकाचा वास घ्यायचा, कुजका वास आला की तिथे खणायचं. वेराक्रूझ शहराजवळ कोलिनास दे सांता फे इथे २०१६ पासून अशाच शोधात २५० हून अधिक कवट्या निघाल्या. खरं तर हे काम पोलिसांचं (तेही कधीकधी टोळीलाच सामील!). तामाउलिपास राज्यातल्या मिरियम रोद्रिगेझ यांनी मुलीच्या मारेकऱ्यांचा स्वतः माग काढला, अनेकांना पकडून दिलं. १० मे २०१७ ला, तिकडच्या मातृदिनीच, त्यांना घराबाहेर गोळ्या घातल्या. त्या कुठल्या टोळीच्या होत्या?