रत्नागिरीहून रविवारी जाऊन रात्री घरी: सासूबाई आणि लहान मुलांना घेऊन कुठे?

सोलापूरची_लेक

नमस्कार. बदली होऊन गेल्या वर्षी रत्नागिरीत आलो. मला दुसरा-चौथा शनिवार मिळतो, पण नवऱ्याला सुट्टी फक्त रविवारी. घरात सासूबाई (गुडघे दुखतात, दहा-पंधरा पायऱ्या जमतात, त्याहून जास्त नको), मुलगी चौथीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. पाहुणे आले की गणपतीपुळे आणि आरे-वारे ठरलेलं, त्यामुळे मुलगी आता "परत तेच?" म्हणते. मागच्या रविवारी संध्याकाळी गणेशगुळ्याला गेलो तर खेळायला वाळूच नव्हती, पाणी अगदी वरपर्यंत आलेलं. मुलं हिरमुसली. ठिकाणांची यादी नकोय, ती कुठेही मिळते. इथलीच घरची माणसं रविवार कसा ठरवतात ते सांगा.

भाट्येकर

ताई, गणेशगुळ्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, चांगली रुंद आहे. तुम्ही ऐन भरतीला पोचलात.

आमच्याकडे रविवार ठरवताना आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतात, गाव नंतर. आजोबा मचव्यावर (शिडाच्या होडीवर) तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी होते, त्यांच्याकडून आलेला हिशेब सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पुनवेला नाहीतर अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळ मोबाईलवर मिळतेच, पण शनिवारी रात्री पोळ्या लाटता लाटता बेत ठरवायला पाऊणपट पुरते.

अवस-पुनवेजवळचा रविवार असेल तर भरती दुपारच्या आधी होऊन जाते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला सुकती लागते. त्यात उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल मागे जातं. त्या संध्याकाळी भाट्ये किंवा गणेशगुळे गाठा. ओल्या घट्ट वाळूत सासूबाईंनाही चालता येईल. सुक्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो, माझ्या आईचा हाच अनुभव. आम्ही तिच्यासाठी घडीची खुर्ची गाडीतच ठेवतो.

अष्टमी-नवमीच्या रविवारी संध्याकाळी समुद्र भरलेला असतो, तेव्हा वाळूचा नाद सोडून उंचावर जा. थिबा पॉइंटला गाडी थेट जाते आणि भरलेली भाट्याची खाडी वरून बघायला मिळते. त्याआधी थिबा राजवाडा करा. चौथीतल्या मुलीला गोष्ट नक्की आवडेल: ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला, १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. परत जायला मिळालंच नाही त्याला. माझ्या मुलाने विचारलं होतं, "मग तो इथून समुद्राकडे बघत बसायचा का?"

एक कळकळीने सांगते. ओहोटी लागली की पाणी शांत दिसतं, पण ओढ बाहेरची असते. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होतो आणि आरे-वारेही पोहायची जागा नव्हे. सुट्टीच्या दिवसांत बुडाल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो, आणि बहुतेक वेळा ती घाटावरून आलेली माणसं असतात ज्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला घोट्यापर्यंतच्या पाण्यात, हात धरून. तेवढ्यानेही ती खूश होतात.

आणि रविवारी एकच दिशा धरा. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे एका दिवसात करणाऱ्यांचा दिवस गाडीतच जातो.

सडा_आणि_सावली

राजापूरकडचा आहे. भाट्येकर म्हणतात ते खरं, पण सगळे रविवार समुद्रालाच कशाला? मुलीला कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं दाखवा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षीला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मोठा हत्ती कोरलेला आहे, भोवती चिऱ्याचं गडग्यासारखं (दगड रचून केलेल्या बांधासारखं) कुंपण घातलंय. कशेळीचा हत्ती त्याहून मोठा, जवळपास १८ मीटर, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. माझी भाची तिथे बसून वहीत एकेक उतरवत होती, उठायला तयार नव्हती.

सडा सपाट असल्याने आजींना काठी घेऊन चालता येतं. सावली मात्र कुठेच नाही, त्यामुळे सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात रेषाही स्पष्ट दिसतात, बाराच्या उन्हात नुसता काळा कातळ. चित्रावर पाय देऊ नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. कशेळीला गेलात तर कनकादित्याचं देऊळ जवळच आहे. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे एक.

तवसाळतर

मी खाडीपलीकडचा, गुहागर तालुक्यातला. जयगडहून तवसाळला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते. लहान मुलांना अर्धी मजा त्या बोटीतच येते. इकडे हेदवी आणि वेळणेश्वर. हेदवीला मात्र भरतीलाच या. बामणघळ म्हणजे कातळाला पडलेली उभी अरुंद भेग. भरतीची लाट आत शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला आलात तर रिकामी घळ बघून परत.

संकष्टी, त्यातून अंगारकी, टाळा. पुळ्याला आणि हेदवीलाही गर्दी असते. नाताळच्या सुट्टीत बोटीला गाड्यांची रांग लागते.

सोलापूरची_लेक

किती छान सांगितलंत सगळ्यांनी! कॅलेंडर बघितलं, येत्या रविवारी त्रयोदशी आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे हेदवीला दहाच्या आत पोचायला हवं, बरोबर ना? सासूबाईंना घळीपर्यंत जमेल का? आणि जेवणाचं काय? त्या शाकाहारी आहेत.

भाट्येकर

हिशेब अगदी बरोबर. पुनव जवळ, म्हणजे भरतीही मोठी. मुलांचा डबा घेऊन साडेसहाला निघा. सकाळी रस्ता मोकळा असतो.

घळीकडे कातळावरून जावं लागतं, वरखाली आहे. सासूबाईंना किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळात बसवा, सावली आहे आणि समुद्र समोर. मोठ्यांपैकी एकाने त्यांच्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने मुलीला न्यायचं, मग अदलाबदल. धाकट्याला नेऊ नका. घळीच्या तोंडाशी ओला, शेवाळलेला कातळ असतो, तिथून लांब उभं राहायचं. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, त्यामुळे फोटोत दिसतं तेवढं पाणी उडेलच असं नाही, हे मुलीला आधीच सांगा. मग दशभुज गणपती. देऊळ टेकडीवर आहे, पण गाडी वर जाते.

तवसाळतर

जेवण घरगुती मिळेल. हेदवी-वेळणेश्वरात घरोघरी खाणावळी आहेत, पण आदल्या संध्याकाळी फोन करून माणसं किती आणि शाकाहारी किती ते कळवा. ऐनवेळी गेलात तर भात संपलेला असतो. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच सांगायचे. सोबत कुळथाची पिठी मागा, सासूबाईंना आवडेल.

जेवून थोडं आडवं व्हा आणि तीनला वेळणेश्वरला जा. भरती दहाला, म्हणजे सुकती चारच्या सुमाराला. मुलांना हवी तेवढी वाळू मिळेल. सकाळी बोटीत बसतानाच शेवटची फेरी कितीची आहे ते तिकीटखिडकीवर विचारून घ्या, आणि तिच्या आधीच्या फेरीवर नजर ठेवून निघा. बोट चुकलीच तर भातगाव-राई पुलावरून या. अंतर वाढतं, पण पोरं मागच्या सीटवर झोपलेली असतील.