रायझन ५ ५६०० आत्ता घेऊ की दिवाळीपर्यंत थांबू? मदत हवी आहे (नाशिक)

म्हसरूळचा_नेमबाज
प्रोसेसर बदलायचाय, दहा हजारांच्या आत. रायझन ५ ५६०० डोक्यात आहे. एक मित्र म्हणतो लगेच घे, दुसरा म्हणतो दिवाळीत सेल लागतो आणि तोवर नवीन काहीतरी येईल. व्हॅलोरंट (ऑनलाइन गोळीबाराचा टीम गेम) खेळतो. नेमकी चकमक सुरू झाली, दोन स्मोक (धुराचे पडदे) पडले, की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) १४० वरून थेट ५० आणि माऊस चिखलात रुतल्यासारखा. टीममधले चौघं माझ्यामुळे राउंड हरतात, ते बघवत नाही. द्राक्षाच्या सीझनला पॅकहाऊसमध्ये काम करून पैसे साठवलेत, वाया जायला नकोत. रविवारी एम. जी. रोडला जाणार आहे, त्याआधी सांगा प्लीज.

कॉलेजरोडकर
आत्ता कोणता प्रोसेसर आहे? मदरबोर्ड? रॅम? वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? ५६०० मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

म्हसरूळचा_नेमबाज
३२००जी. बोर्ड एएमडीचा. रॅम ८. घेऊ का मग?

अंबड_असेंबलर
एएमडी बोर्ड बनवत नाही रे. त्यावरचा चिपसेट कोणता, बी४५० की ए३२०? कॅबिनेटचं साईड पॅनेल काढ, बोर्डवर ठळक छापलेलं असतं. ते कळल्याशिवाय कोणीही "घे" म्हटलं तर ऐकू नकोस.

देवळाली_गेमर
५६०० वर पैसे घालू नकोस. एप्रिल २०२२ चा माल आहे. थेट एएम५ वर (एएमडीचं नवं प्रोसेसर सॉकेट) जा, ७५००एफ प्रोसेसर टाक. त्या सॉकेटला २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय. मी मागच्या वर्षी गेलो, आता पुढची चार वर्षं बघायला नको.

अंबड_असेंबलर
दहा हजारांत? एएम५ ला नवा बोर्ड आणि नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम लागते, जुनी डीडीआर४ त्यात बसतच नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव कुठे गेलेत ते बघितलंस का? सगळ्या चिप्स एआयच्या डेटा सेंटरांकडे चालल्यात.

देवळाली_गेमर
म्हणूनच म्हणतो थांब. रॅम उतरली की एकदाच सगळं घे.

अंबड_असेंबलर
कधी उतरेल? तारीख सांग, मग त्याला थांबायला सांग.

सातपूर_शिफ्ट
माझं मत इंटेल. १२४००एफ. सहा कोअर, बारा थ्रेड, तीन वर्षं झाली, एकदाही त्रास नाही.

कॉलेजरोडकर
त्याचा बोर्ड एएम४ (एएमडीचं आधीचं सॉकेट), त्यावर इंटेल कसा बसवणार दादा?

गोदातीर
माझं ऐकाल तर लॅपटॉप घ्या. आमच्या मुलीने बारावीनंतर घेतला, अभ्यासही होतो, गेमही होतात. आणि काहीही घ्यायचं तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने जायचो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. संध्याकाळच्या पंचवटीने परत.

सातपूर_शिफ्ट
काका, पंचवटीत आता बसायला जागा मिळते का? मागच्या महिन्यात कसाऱ्यापर्यंत उभा होतो.

म्हसरूळचा_नेमबाज
लॅपटॉप नकोय काका. आणि गाडीचं नंतर बोला ना. बोर्ड बी४५०एम आहे, पॅनेल काढून बघितलं. कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी. रॅमची एकच पट्टी आहे. थांबू की घेऊ, एवढंच सांगा.

कॉलेजरोडकर
आता नीट सांगता येईल. एक मॅच खेळताना टास्क मॅनेजर उघडा ठेव आणि ड्रॉप आला त्या क्षणाचे आकडे टाक.

म्हसरूळचा_नेमबाज
सीपीयू १००. जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ४० ते ४५. मेमरी ५.४/५.९.

कॉलेजरोडकर
तो ५.९ बघ! रॅम ८ जीबी आहे ना? उरलेली २ जीबी ३२००जीच्या आतल्या ग्राफिक्सने अडवून ठेवलीय, आणि तुझा मॉनिटर तर १६५० ला जोडलेला आहे. म्हणजे ती फुकट पडून आहे. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या बोर्डच्या सेटिंग्ज) जाऊन यूएमए फ्रेम बफर (आतल्या ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) शोध आणि सगळ्यात कमी कर. पैसे शून्य.
पण सीपीयू १०० आणि कार्ड निम्मं रिकामं, म्हणजे खरा अडथळा प्रोसेसरच. ३२००जी चार कोअर, चार थ्रेड, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ४ एमबी. ५६०० सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी. व्हॅलोरंटसारख्या गेमला ही कॅश फार उपयोगी पडते. दोन्ही ६५ वॉटचे, त्यामुळे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायला नको. आणि थांबून काय मिळणार? सप्टेंबर २०२२ पासून एएमडीची प्रत्येक नवी पिढी एएम५ वर येतेय. तुझ्या बोर्डावर त्यातलं काही बसणार नाही. घे.

अंबड_असेंबलर
+१. फक्त बॉक्स पीस (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) घे, पक्क्या बिलासकट. बॉक्सवर तीन वर्षांची वॉरंटी असते आणि कूलरही मिळतो. आणि आधी बायॉस अपडेट, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. बोर्डच्या कंपनीच्या साईटवर सीपीयू सपोर्टची यादी असते, ५६०० समोर जो बायॉस लिहिलाय तो किंवा त्याच्या पुढचा टाक. यूपीएसशिवाय करू नकोस. म्हसरूळला पावसात लाईटचं काय होतं ते तुला सांगायला नको. मधेच गेली तर बोर्ड गेला.

देवळाली_गेमर
बी४५० आहे म्हटल्यावर ठीक आहे, ५६०० घे. पण आठ जीबीची दुसरी पट्टीही टाक, ड्युअल चॅनलने (दोन पट्ट्या एकत्र चालल्या की) फरक पडतो.

म्हसरूळचा_नेमबाज
बफर कमी केला, ५.९ चे ७.९ झाले! ड्रॉप अजून आहेत, पण माऊस आता अडकत नाही. शेजारच्या दादाकडून यूपीएस आणतोय, आज रात्री बायॉस. रविवारी ५६०० घेतो. पट्टी पुढच्या पगाराला.

अंबड_असेंबलर
कूलर सरळ वर ओढू नकोस. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट सुकली की प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून ओढला जाऊन बाहेर येतो. माझ्या हातून एकदा असाच आला, अकरा पिना वाकल्या, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने एकेक सरळ करत दोन तास बसलो होतो. आधी दहा मिनिटं गेम चालव, पेस्ट गरम होऊ दे. मग मशीन बंद करून वायर काढ, कूलर डावीकडे-उजवीकडे हळू पीळ आणि सुटला की मगच उचल.

पाथर्डी_फाटा
माझ्याकडेही ३२००जी आहे, पण बोर्ड ए३२०. ५६०० चालेल का?

कॉलेजरोडकर
बोर्डचं पूर्ण मॉडेल काय? ग्राफिक्स कार्ड आहे का?