जमाव काय जाळतो ते बघा: दंगलींचे प्रकार वेगळे मानायचे की नाही?

महालवासी
१७ मार्च २०२५ ला आपल्या नागपुरात झालेल्या दंगलीवर बोलताना आपण सगळे 'सुरुवात कोणी केली' इथेच अडकतो. तो तपास पोलीस करतील. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: जमावाने काय जाळलं?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवे होते कर्जरोखे. रोखे आणि हुकूमनामे त्यांनी जाळले. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले, त्याला बहुतेक ठिकाणी मारहाण झाली नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव पडले होते, शेतसारा वाढला होता, सावकारांनी उधारी थांबवली होती. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. मागणी होती म्हणून तिला उत्तर देता आलं.

महाल-हंसापुरीत रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांच्या गाड्या जळाल्या. त्या गाडीमालकांचा औरंगजेबाच्या कबरीशी काय संबंध? दिवसा कबर हटवा म्हणून निदर्शनं झाली, धार्मिक मजकुराची चादर जाळल्याची बातमी पसरली (सरकारने नंतर ती अफवाच असल्याचं सांगितलं) आणि रात्री संचारबंदी. नाव आणि वस्ती बघून माणूस निवडणाऱ्या दंगलीला बेरोजगारीचं कारण चिकटवू नका. त्याने ती फक्त सभ्य दिसते.

इतवारीतला_विणकर
भाऊ, पूर्ण असहमत. आमचं घर कोष्ट्यांचं. पाचपावलीत हलबा कोष्टी, मोमिनपुऱ्यात अन्सारी, दोघांचा धंदा माग. १८७७ ला सुरू झालेली एम्प्रेस कापड मिल २००२ ला कायमची बंद पडली, हातमाग त्याआधीच मोडकळीला आले होते. एकाच खात्यात काम करणारी माणसं एकमेकांची घरं ओळखत होती. आता पोरं कुठे एकत्र काम करतात? अफवा कोणी पसरवलीही असेल, पण ती खरी मानायला अनोळखीपणा लागतो, आणि तो रोजगार गेल्याने आला.

महालवासी
दादा, सप्टेंबर १९२७ चं काय? तेव्हा एम्प्रेस मिल जोरात चालू होती, मागही चालू होते, तरी मिरवणुकीवरून याच महालात दंगल पेटून माणसं मेली. काम असताना जे घडलं, ते काम नसल्यामुळे घडलं असं कसं म्हणायचं? आग पसरायला बेकारी मदत करते, हे मान्य. पण आग लावायचं कोणीतरी ठरवावं लागतं.

गांधीबाग_हातगाडी
तुमी लोक प्रकार पाडून रायले. आमच्या गल्लीत दगड आला तं तो आर्थिक की धार्मिक हे कोनी इचारत नाई. संचारबंदी लागली का हातगाडी बंद. शेवटच्या भागातली संचारबंदी २३ मार्चले उठली, तवरिक रोजच्या कमाईवाल्याच्या घरात चूल कशी पेटली असंन हे कोनी पाह्यलं काय? नुकसान दोन्हीकडच्या गरिबाचंच झालं. प्रकार कोनताई असो, पैला दगड पडायच्या आधी पोलीस पाह्यजे.

कोर्टातली_ताई
गांधीबागवाल्या भाऊंशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. कायदाही कारण बघून सूट देत नाही. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव आणि त्यातल्या कोणीही समान उद्देशासाठी केलेला बळाचा वापर, दंगलीचा गुन्हा ठरायला इतकं पुरतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९१. मात्र शिक्षा व्हायला प्रत्येकाचा सहभाग सिद्ध व्हावा लागतो. म्हणून २४ मार्चला एका आरोपीच्या घरावर चाललेला बुलडोझर मला अजिबात पटला नाही. खटला उभा राहण्याआधीच घर पाडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी अशा कारवाईला स्थगिती दिली.

सक्करदऱ्याचा_भाऊ
ताई, ज्यांच्या गाड्या जळाल्या त्यांनी वर्षानुवर्षं तारखा मोजायच्या का? जरब बसली पाहिजे. सगळं पुराव्यावर सोडलं तर तोंड बांधून आलेला सुटतोच.

कोर्टातली_ताई
तो सुटतो कारण पंचनामा कच्चा, चित्रण वेळेवर जप्त नाही, साक्षीदार घाबरलेला. त्यासाठी भांडा. घर पाडलं तर त्याची म्हातारी आई रस्त्यावर येते आणि तोंड बांधलेला दुसरा कोणी असेल तर तो मोकळाच.

जुनी_शुक्रवारी
भिवंडीबद्दल कोणी बोललं नाही. १९७० ला तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली, १९८४ ला पुन्हा. मग पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि बीटचा हवालदार नेमाने एकत्र बसत, नळाच्या भांडणापासून सगळं तिथे बोललं जाई. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. कारखाने, बेकारी, धर्म, सगळं तेच होतं.

इतवारीतला_विणकर
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ओळख तुटली होती, ती मुद्दाम जोडली. आपल्याकडे शांतता समिती गणपती आणि ईदच्या आधी बसते, चहा होतो, मान्यवर बोलतात. वस्तीतली विशीतली पोरं त्यात नसतात, आणि अफवा पहिल्यांदा त्यांच्याच मोबाईलवर येते.

महालवासी
ओळखीचा मुद्दा मान्य, बेकारीचा नाही. पुढच्या बैठकीला हंसापुरी आणि भालदारपुऱ्यातली पोरं आणायची असतील तर मी फिरायला तयार आहे. गांधीबागवाले भाऊ, तुम्ही येता का?