'स्ट्रॅटेजी'ला मराठीत काय म्हणावं: धोरण, रणनीती की व्यूहरचना?

विचारणा: जनसंपर्काच्या मराठी टिपणांत 'स्ट्रॅटेजी'ला कुठे धोरण म्हटलंय, कुठे रणनीती, कुठे व्यूहरचना. 'स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन'ला 'सामरिक संवाद'ही वाचलं. परीक्षेत काय लिहावं?

प्रतिसाद १: 'सामरिक' आधी सोडा, त्याने लष्करच डोळ्यांपुढे येतं. 'धोरण' पॉलिसीसाठी पक्कं झालंय. एकाच उत्तरात पॉलिसी आणि स्ट्रॅटेजी दोन्ही आलं की घोटाळा होतो. 'रणनीती' निवडणुकीच्या बातम्यांत शोभते. मी 'व्यूहरचना' म्हणेन. व्यूहही रणांगणावरचाच, पण त्यात मांडणीचा अर्थ आहे: कोण कुठे उभा राहील आणि का.

हा 'का'च उत्तरांत हरवतो. समजा, नगरपालिकेला घराघरांतून ओला-सुका कचरा वेगळा हवाय. उद्दिष्ट: सहा महिन्यांत वेगळा कचरा देणारी घरं 40 टक्क्यांवरून 65 टक्क्यांवर नेणं. विद्यार्थी 'व्यूहरचना' असा मथळा देऊन खाली पत्रकं, पथनाट्य, रील्स लिहितात. ही सगळी साधनं झाली. पाहणीत लोक म्हणाले, "आम्ही वेगळा देतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच पडतं," तर व्यूहरचना एका वाक्यात मावते: गाडीत कचरा वेगळाच राहतो हे लोकांना दारात दिसू द्यायचं. म्हणजे आधी गाडीत दोन कप्पे, मग पत्रक. जनसंपर्काचे अभ्यासक जॉन मार्स्टन यांच्या 1963 च्या 'रेस' सूत्रात (संशोधन, कृती, संज्ञापन म्हणजे कम्युनिकेशन, मूल्यमापन) संशोधनानंतर कृती आणि त्यानंतर संज्ञापन येतं, ते याचसाठी.

विचारणा: मग 'टॅक्टिक्स' म्हणजे डावपेच?

प्रतिसाद १: शब्दशः बरोबर, पण मराठीत डावपेचाला कपटाचा वास येतो. 'उपक्रम' लिहा.

प्रतिसाद २: व्यूहरचनेशी सहमत. 'कम्युनिकेशन'साठी 'संवाद' म्हणायला मात्र माझा ठाम विरोध आहे. संवादाला दोन बाजू लागतात. ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी 1984 मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपं मांडली. त्यांतली पहिली दोन, प्रसिद्धी आणि लोकमाहिती, एकतर्फी आहेत. त्यांना संवाद म्हटलं की वर्गीकरणच कोसळतं. 'संज्ञापन' चारही प्रारूपांना पुरतं, आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाच्या नावातही तोच शब्द आहे. म्हणून 'व्यूहात्मक संज्ञापन'. 'संवाद' चौथ्या, दुतर्फी समतोल प्रारूपासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद ३: 'पब्लिक्स'चं 'जनता' करू नका. ते अनेकवचन मुद्दाम आहे: एकाच प्रश्नाने बांधले गेलेले वेगवेगळे गट. वरच्या उदाहरणात भाडेकरू, सोसायटीचे सफाई कामगार, घंटागाडीवरचे कर्मचारी. 'संबंधित गट' साधं आहे आणि चुकत नाही. 'लक्ष्यगट' जाहिरातवाल्यांचा, तो आपण निवडतो, हे गट प्रश्नातून आपोआप उभे राहतात.

मूल्यमापनातही 'आउटपुट' आणि 'आउटकम' दोन्हींना 'परिणाम' लिहितात, तिथे गुण जातात. छापून आलेल्या चाळीस बातम्या ही निर्मिती. वेगळा कचरा देणारी वाढलेली घरं हा परिणाम. बातमीचे कॉलम सेंटिमीटर मोजून त्यांना जाहिरातीच्या दराने गुणण्याची पद्धत जनसंपर्काच्या मोजमापासाठीच्या 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी नाकारली. तो आकडा फार तर जागेचा भाव सांगतो. चाळीस टक्क्यांचे पासष्ट झाले का, ते दारोदार पुन्हा मोजूनच कळतं.