श्रीलंकेतले धबधबे : तुमच्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

माधवी_क
काल माळा आवरताना बाबांची काठी हाती लागली आणि मी तिथेच बसून राहिले. ही दुन्हिंदची काठी. बदुल्लपासून पाचेक किलोमीटरवरचा धबधबा, 64 मीटरचा. गाडी थेट जात नाही, बरीच पायवाट तुडवावी लागते. बाबा तेव्हा 71 वर्षांचे, गुडघ्यांनी हैराण. वाटेतल्या टपरीवरच्या आजींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, ही काठी पुढे केली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. वर बेलफुलांचा चहा पाजला, तिकडे त्याला बेलीमल म्हणतात. गुळाचा खडा वेगळा देतात, तो चावत चावत घोट घ्यायचा. बाबांनी कप नाकाशी धरला नि म्हणाले, "अगं, महादेवाच्या देवळात आल्यासारखं वाटतंय."

धबधबा दिसायच्या आधीच तुषार अंगावर आले. दुन्हिंद या नावातच धुकं आहे. बाबांच्या चष्म्याच्या काचा पार धुरकटल्या, पण त्यांनी त्या पुसल्या नाहीत. तसेच अर्धा तास उभे राहिले.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही तिथले कुठले धबधबे पाहिलेत? लिहा ना.

रानवाट
दियालुमा!! 220 मीटर. वेल्लवायाच्या रस्त्यावरून मान मोडेपर्यंत वर बघायचं. पण खरी मजा माथ्यावर, तिथे कुंडं आहेत. आम्ही पहाटे चढलो, पाणी बर्फासारखं. कड्याच्या टोकाशी मात्र कोणीही जाऊ नका, खडकावर शेवाळ असतं. आमच्यासमोर एक मुलगा घसरला, मित्राने दंड धरला म्हणून वाचला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

सुमेधा७
माधवी, काठीचं वाचून डोळे भरून आले गं. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी होतेय.

घाटमाथा
आम्ही जूनमध्ये गेलो, दुन्हिंद अगदीच बारीक होता. हिरमोड झाला. तुम्ही कधी गेला होतात?

माधवी_क
डिसेंबरअखेर. तेव्हा तर नुसता गर्जत होता.

चहाचामळा
@घाटमाथा, तिथे दोन पावसाळे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आपला जूनचा, डोंगराच्या पश्चिम उतारावर पडतो. तेव्हा रंबोडा, डेव्हन वगैरे भरून वाहतात. बदुल्लकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. एकाच सहलीत सगळे धबधबे भरलेले मिळणं कठीण.

मी कामानिमित्त दोन वर्षं हॅटनला होतो. तलावाकेलेजवळचा सेंट क्लेअर हा माझा सगळ्यात लाडका. 80 मीटर उंच आणि ऐसपैस रुंद, दोन्हीकडे चहाचे मळे, आगगाडीतूनसुद्धा दिसतो. अप्पर कोटमले वीजप्रकल्प 2012 मध्ये सुरू झाला आणि पाणी बोगद्यात गेलं. आता ठरावीक वेळी सोडतात. वीज हवीच, पण मळ्यातल्या एका तमिळ मावशी म्हणाल्या होत्या, "पूर्वी रात्री त्याचा आवाज ऐकत झोपायचो." ते काही मनातून जात नाही.

अनुजा_ठाणे
आम्ही फक्त रावण एल्ल पाहिला, रस्त्याला लागूनच आहे. एल्ल म्हणजेच धबधबा. जवळच गुहा आहे, रावणाने सीतेला तिथे लपवलं होतं असं सांगतात. सासूबाईंनी पाण्याला हात जोडले आणि ओटीचा नारळ काठावर ठेवला. तेवढ्यात माकडाने पळवला! सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, मारुतीरायाचाच आहे."

घाटमाथा
वा, सासूबाई! जळवा होत्या का तिकडे?

रानवाट
हॉर्टन प्लेन्सच्या राष्ट्रीय उद्यानात नव्हत्या. तिथला बेकर्स फॉल छोटा, जेमतेम 20 मीटर, पण देखणा. गेटवर बाटल्यांची प्लास्टिकची वेष्टनं काढून घेतात, ते फार आवडलं. आपल्या गडांवरही व्हायला हवं. दियालुमाच्या गवतात मात्र जळू लागली. मीठ जवळ ठेवा.

अनुजा_ठाणे
मीठ नको, ओढूही नका. नखाने तोंडाशी हलकेच सरकवायची, सुटते.

सुमेधा७
आले परत. म्हशीचं दही आणि कितुलची काकवी खाल्लीत का कोणी? मातीच्या मडक्यातलं दही, वर ती काळसर धार. कितुल म्हणजे आपला भेरली माड! आमच्या कोकणातल्या घरामागे आहे, पण त्याची काकवी होते हे मला तिथे जाऊन कळलं.

चहाचामळा
सगळ्यात उंच बंबरकंद राहिलाच की. 263 मीटर. पाणी कमी असलं की वाऱ्याने पदरासारखं उडतं, खाली पोचेपर्यंत निम्मं हवेतच विरतं. बंबर म्हणजे आग्यामाशी, कंद म्हणजे डोंगर.

माधवी_क
बंबर म्हणजे आपला भ्रमरच की हो! बाबांना किती आवडलं असतं हे. संस्कृत शिकवायचे ते.

काठी पुसून दाराशी ठेवली आहे. जानेवारीत आईला बंबरकंदला घेऊन जाईन म्हणतेय. चढ किती आहे तिथे? आईचेही गुडघे दुखतात.