मेलबर्नचे तीन दिवस : थोडी भर

'मेलबर्नला तीन दिवसांत काय बघावं' असं विचारलं की बरेच जण शहराबाहेरचा, समुद्रकाठानं जाणारा ग्रेट ओशन रोड सुचवतात. तो सुंदर आहेच, पण त्यात एक अख्खा दिवस जातो. मी म्हणेन, निदान दोन दिवस शहरालाच द्या.

सुरुवात फ्लिंडर्स स्ट्रीटवरच्या इमिग्रेशन म्युझियमपासून करा. जुन्या कस्टम हाउसच्या इमारतीत आहे. तिथे कळतं की ऑस्ट्रेलियाच्या 1901च्या स्थलांतर कायद्यानं नको असलेल्या माणसाला कुठल्याही युरोपीय भाषेत 50 शब्दांचं श्रुतलेखन घालून, ते जमलं नाही म्हणून परत पाठवता येत असे. हे वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले होते. मग बाहेर पडून लिटल बर्क स्ट्रीटच्या चायनाटाउनमध्ये जा. 1850च्या दशकात, सोन्याच्या खाणींच्या काळात वसलेली ही वस्ती त्या कायद्यालाही पुरून उरली. तिथे चालताना मला खरंच भरून आलं.

खाण्यासाठी लायगन स्ट्रीट इटालियन, ओकली ग्रीक. पण माझं मन फुटस्क्रे या उपनगरात रमलं. व्हिएतनामी फो (नूडल्सचं सूप) आणि इथिओपियन इंजेरा एकाच परिसरात! इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार पोळी. आपल्या आंबोळीची आठवण येतेच. शाकाहारी मंडळींनी डाळी-भाज्यांचं ताट मागावं.

शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे, बाहेर मायकी हे प्रवासाचं कार्ड लागतं. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, तेवढं बघून बेत आखा.